आजारपणात घडलेले गैरवर्तन आणि हाती आलेली कारणे दाखवा नोटीस : उत्तर कसे लिहावे?

शमी

नमस्कार. माझ्या एका सहकाऱ्याच्या वतीने हा धागा काढत आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

हे गृहस्थ लेखा विभागात बरीच वर्षे काम करतात आणि त्यांच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नव्हती. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते अशा प्रकारचा त्यांचा जुना आजार अलीकडे एकाएकी बळावला आणि त्यांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला ६० मिलिग्रॅम या मात्रेत सुरू झाले. त्यानंतर त्यांची झोप उडाली, बोलण्याचा वेग वाढला, आणि कधी आवाज न चढवणारा हा माणूस साध्या प्रश्नावर चिडू लागला. अशा अवस्थेत विभागाच्या बैठकीत त्यांनी एका कनिष्ठ सहकारी महिलेच्या हातातली फाइल हिसकावून टेबलावर आपटली, सर्वांसमक्ष अर्वाच्य भाषा वापरली, आणि त्याच रात्री विभागप्रमुखांवर अफरातफरीचा आरोप करणारी ई-मेल संपूर्ण कार्यालयाला पाठवली. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत. पुढे घरच्यांनी त्यांना रुग्णालयात दाखल केले. आता प्रकृती स्थिरावली आहे, आणि हाती कारणे दाखवा नोटीस आली आहे. आरोप तीन आहेत : असभ्य वर्तन, वरिष्ठांची निराधार बदनामी, आणि विनापरवानगी गैरहजेरी. उत्तरासाठी सात दिवसांची मुदत आहे.

चौकशी झाल्यास बचाव सहायक म्हणून मी त्यांच्यासोबत बसावे अशी त्यांची इच्छा आहे. आजाराचा उल्लेख पहिल्याच उत्तरात करावा की चौकशी सुरू झाल्यावर? त्यांना भीती वाटते की एकदा मनावरच्या परिणामाबद्दल लिहिले की तो शिक्का निवृत्तीपर्यंत पुसला जाणार नाही. शिवाय माफी मागितली तर ती गुन्ह्याची कबुली धरली जाईल का, हाही प्रश्न आहे. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सरळरेघ

कामगार संघटनेत बरीच वर्षे काम केले आहे, त्यावरून सांगतो. पहिल्या उत्तरात एका ओळीत सर्व आरोप नाकारावेत आणि कागदपत्रांच्या प्रती मागाव्यात. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची असते. आपण होऊन त्यांच्या हाती काही देऊ नये.

निवृत्त_अभिलेख

मी सरकारी सेवेत असताना अनेक विभागीय चौकश्यांमध्ये चौकशी अधिकारी म्हणून काम पाहिले आहे. सरळरेघ यांचा सल्ला काही प्रकरणांत योग्य ठरतो, परंतु या प्रकरणात तो अपायकारक ठरेल असे माझे स्पष्ट मत आहे. ई-मेल त्यांच्या खात्यातून गेली आहे, बैठकीत दहा-बारा माणसे होती. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. विभागीय चौकशीत मात्र संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहिले जाते. अशा स्थितीत 'असे काही घडलेच नाही' असे लिहिणारा माणूस पुढे 'घडले, पण मी आजारी होतो' असे म्हणू लागला, तर चौकशी अधिकारी त्याच्या वैद्यकीय कागदांकडेही संशयाने पाहतो. मी स्वतः तसे पाहिलेले आहे.

उत्तर लिहिताना तीन प्रश्न वेगळे ठेवावेत. घटना घडली का? घडली तेव्हा त्या माणसाच्या मनाची व शरीराची अवस्था काय होती? आणि आज तो काम करण्यास सक्षम आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे होकारार्थी असेल तर ते तसेच द्यावे. आजाराचा संबंध येतो तो हेतूशी आणि शिक्षेच्या प्रमाणाशी, आणि ही दोन्ही अंगे शिस्तभंगाच्या निर्णयात घटनेइतकीच महत्त्वाची असतात. नोटिशीच्या उत्तरावरूनच पुढे चौकशी नेमायची की नाही हे ठरते. तेव्हा आजाराचा मुद्दा हातचा राखून ठेवण्यात फायदा नाही, तोटा मात्र निश्चित आहे. उशिरा सांगितलेला आजार सबबीसारखा वाटतो.

सात दिवस अपुरे असतील तर वैद्यकीय कागद जमवण्यासाठी लेखी मुदतवाढ मागावी, आणि ती मुदत संपण्याआधी मागावी.

पिंगळा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. रुग्णाला न तपासता निदान करणार नाही, पण सर्वसाधारण माहिती देता येईल.

स्टेरॉइडमुळे मनोवस्थेत बदल होणे ही वैद्यकशास्त्राला जुनी माहीत असलेली गोष्ट आहे. निद्रानाश, चिडचिड, अतिउत्साह, कधी संशयी विचार, तर कधी उन्मादाची पूर्ण अवस्था, असे ते बदल असतात आणि त्यांचा मात्रेशी थेट संबंध असतो. बोस्टन येथील औषध-निरीक्षण प्रकल्पाने १९७२ मध्ये प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनच्याच जातीचे स्टेरॉइड) घेणाऱ्या रुग्णालयीन रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा असलेल्यांपैकी १.३ टक्के, ४१ ते ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ४.६ टक्के, आणि ८० मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेणाऱ्यांपैकी १८.४ टक्के रुग्णांत मानसिक लक्षणे आढळली होती. ही लक्षणे बहुतेकदा उपचार सुरू झाल्यापासून पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत दिसतात आणि मात्रा कमी केल्यावर बहुतेकांमध्ये ओसरतात. म्हणजे हा आयुष्यभराचा मानसिक आजार असेलच असे नाही, आणि प्रमाणपत्रात हे स्पष्ट शब्दांत यायला हवे. शिक्का बसण्याची जी भीती आहे, तिच्यावरचा एक उपाय या वाक्यात आहे.

'रुग्ण माझ्या उपचाराखाली होता व विश्रांतीची गरज होती' असे ठरावीक छापाचे प्रमाणपत्र येथे निरुपयोगी आहे. औषध कोणत्या तारखेला, किती मात्रेत सुरू झाले. झोप कधीपासून बिघडली. घरच्यांनी बदल केव्हा पाहिला. घटना त्या कालावधीत कोठे बसते. मात्रा कधी घटवली आणि लक्षणे केव्हा गेली, हा क्रम तारखांनिशी हवा. तो सलग जुळला की वाचणाऱ्याला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. पुन्हा तसे होईल या धास्तीने त्यांनी स्टेरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नये. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवल्यास शरीरातील नैसर्गिक संप्रेरक अपुरे पडून जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते.

ओंजळ

पिंगळाताईंनी क्रमाबद्दल लिहिले ते वाचून आमचा अनुभव सांगावासा वाटला. माझ्या पतीला लहानपणापासूनचा मधुमेह आहे आणि ते इन्सुलिन घेतात. पाळीचे पर्यवेक्षक असताना एकदा त्यांनी सहकाऱ्याला ढकलले, यंत्र बंद करण्यास नकार दिला आणि अडवायला आलेल्या सुरक्षारक्षकाशी झटापट केली. कार्यालयाच्या अहवालात 'मद्यप्राशन केल्यासारखे वर्तन' असे लिहिले गेले. प्रत्यक्षात त्यांच्या रक्तातील साखर घसरली होती.

आमच्याकडे पुरावा होता तो ग्लुकोमीटरचा. प्रथमोपचार कक्षातील परिचारिकेने त्यांच्याच खिशातील मीटरने तपासणी केली होती, आणि त्या छोट्या यंत्राच्या स्मृतीत ४१ हा आकडा होता. पण त्यासमोर जी वेळ दिसत होती, ती घटनेच्या सुमारे पाच तास आधीची होती! व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीने लगेच तेच धरले की ही नोंद सकाळची आहे, भांडणाशी तिचा संबंध नाही. मग आमच्या लक्षात आले की बॅटरी बदलल्यापासून मीटरचे घड्याळच लावलेले नव्हते. आम्ही चौकशी अधिकाऱ्यांसमोर मीटर चालू करून घड्याळातील फरक दाखवला, त्याच फरकाने आधीच्या सगळ्या नोंदी तपासून पाहिल्या, आणि परिचारिकेच्या नोंदवहीतील वेळ त्याच्याशी जुळली. तेथून प्रकरणाला वळण लागले. शेवटी फक्त लेखी ताकीद मिळाली, आणि ती ढकलाढकलीबद्दल नव्हती. साखर घसरल्याची लक्षणे जाणवत असताना कामावरून बाजूला न झाल्याबद्दल होती. ती आम्ही मान्य केली.

म्हणून शमीताई, औषधांची पावती, चिठ्ठी, नोंदवही, घरच्यांनी डॉक्टरांना पाठवलेला संदेश, जे जे असेल ते मूळ स्वरूपात जपून ठेवा.

पिंगळा

ओंजळताई, फार महत्त्वाचे लिहिलेत. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमखाली गेली की कमी समजतात, ५४ च्या खाली ती गंभीर मानतात. मेंदू इंधनासाठी प्रामुख्याने ग्लुकोजवर अवलंबून असल्याने गोंधळ, हट्ट आणि आक्रमकता ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत, आणि बघणाऱ्याला ती दारूच्या नशेसारखी वाटतात.

मृण्मयी_क

मला येथे वेगळी बाजू मांडायची आहे. मी त्या फाइल हिसकावून घेतलेल्या मुलीच्या जागी होते. अर्थात दुसऱ्या कार्यालयात आणि दुसऱ्या प्रकरणात. आमच्या वरिष्ठांचा आजार खरा होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. परंतु त्यानंतर कित्येक महिने त्यांच्या खोलीत जाताना माझ्या पोटात गोळा येत असे. चौकशीत सगळी चर्चा त्यांच्या औषधांची, त्यांच्या तणावाची आणि त्यांच्या दीर्घ सेवेची झाली. मला काय झाले हे विचारले गेले ते केवळ साक्षीदार म्हणून, कोणते शब्द कोणत्या क्रमाने उच्चारले गेले एवढे नोंदवण्यापुरते.

आजाराचा विचार व्हायलाच हवा. पण उत्तर लिहिताना त्या सहकारी महिलेचा उल्लेख 'कथित घटनेतील तक्रारदार' असा करू नका. तिला त्रास झाला हे वाक्य त्यात असू द्या, आणि त्याच वाक्यात 'परंतु' घालून पुढे औषधाचे नाव आणू नका.

कर्दळ

मी मनुष्यबळ विभागात काम करते, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. मृण्मयींचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो, आणि आमच्या बाजूच्या लोकांनीही तो ध्यानात घ्यायला हवा. आजारी कर्मचाऱ्याची बाजू समजून घेणे आणि ज्याला झळ बसली त्याची काळजी घेणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. एकामुळे दुसरे टाळता येत नाही.

शमींच्या माफीबद्दलच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : खेद आणि कबुली यांची सांगड शब्दांवर अवलंबून असते. 'माझ्या त्या दिवशीच्या वागण्यामुळे अमुक यांना अपमान सोसावा लागला, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे' हे वाक्य घटना मान्य करते. 'मी हेतुपुरस्सर बदनामी केली' असे ते म्हणत नाही. दोषारोपात बहुधा 'हेतुपुरस्सर', 'जाणीवपूर्वक' असे शब्द असतातच. घटना मान्य, हा शब्द अमान्य, असे नेमके लिहावे.

मात्र आजाराचा तपशील किती द्यावा याबाबत माझे निवृत्त_अभिलेख काकांपेक्षा थोडे वेगळे मत आहे. संपूर्ण केसपेपर नोटिशीच्या उत्तराला जोडू नयेत. ते उत्तर चार टेबलांवरून फिरते. पिंगळाताईंनी सांगितला तसा एक-दीड पानाचा तारखांचा अहवाल पुरेसा असतो. अधिक कागद लागल्यास बंद पाकिटात, चौकशी अधिकाऱ्यांपुरते सादर करू असे नमूद करावे. भारतात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. संमतीशिवाय डॉक्टर ती कार्यालयाला देऊ शकत नाहीत. तेव्हा कोणाला, काय आणि किती सांगायचे याची संमतीही लेखी व मर्यादित द्यावी.

निवृत्त_अभिलेख

कर्दळ यांची दुरुस्ती मला मान्य आहे. आमच्या काळी बंद पाकिटाची पद्धत या कामासाठी फारशी कोणी वापरत नसे, वापरायला हवी होती.

वेणू

ई-मेलमधील अफरातफरीच्या आरोपात काही तथ्य आहे का? असेल तर बचावाची दिशाच बदलेल, असे वाटते.

शमी

वेणू, मी हे त्यांना शांतपणे विचारले. काही नोंदी उशिरा झाल्या होत्या एवढेच खरे आहे. पैसे कोणी घेतल्याचा त्यांच्याकडे कोणताही आधार नाही आणि आज ते स्वतःच तसे म्हणतात.

निवृत्त_अभिलेख

मग उशिरा झालेल्या नोंदींचा विषय या उत्तरात मुळीच आणू नये. तो कामकाजाचा स्वतंत्र विषय आहे. आरोप निराधार होता, तो मी मागे घेतो, आणि तसे ज्या ज्या व्यक्तींना ई-मेल गेली त्या सर्वांना लेखी कळवण्यास तयार आहे, असे लिहावे. बदनामीच्या आरोपात विभागप्रमुखांना खरे म्हणजे हेच हवे असते.

रानजाई

तिसऱ्या आरोपाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. मी सेवाविषयक प्रकरणे पाहणारी वकील आहे. गैरहजेरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका केंद्रीय कर्मचाऱ्याच्या प्रकरणात जे तत्त्व सांगितले ते अगदी उपयोगी आहे : विनापरवानगी गैरहजेरी ही प्रत्येक वेळी हेतुपुरस्सर असतेच असे नाही; आजार, अपघात, रुग्णालयात भरती अशी हाताबाहेरची कारणे असू शकतात, आणि गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही. रुग्णालयात दाखल झाल्याचा व तेथून घरी सोडल्याचा कागद, आणि मधल्या दिवसांत घरच्यांनी कार्यालयाला केलेल्या दूरध्वनींची नोंद, एवढ्यावर हा आरोप बहुधा टिकणार नाही.

पहिल्या दोन आरोपांच्या संदर्भात डिसेंबर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय वाचावा. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याविरुद्ध वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली होती. त्यांच्यावर मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे तेच विचार व कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याचा आजार) आणि नैराश्य यांसाठी उपचार चालू होते. न्यायालयाने म्हटले की मानसिक दिव्यांगत्वामुळे त्या व्यक्तीला कामाच्या ठिकाणचे वर्तनाचे निकष पाळणे इतरांपेक्षा अवघड जाते, त्यामुळे अशा व्यक्तीवर कारवाई सुरू करणे हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार ठरतो, आणि दिव्यांगत्व हे वर्तनाचे एकमेव कारण असण्याची गरज नाही, अनेक कारणांपैकी एक असले तरी पुरे. कारवाई रद्द झाली. सध्याच्या कामासाठी ते अयोग्य ठरल्यास वेतन व सेवाशर्ती कायम ठेवून पर्यायी पद द्यावे, मात्र तेथे शस्त्रे हाताळावी लागू नयेत याची काळजी घेण्याची मुभा अधिकाऱ्यांना राहील, असेही सांगितले. या शेवटच्या भागाकडे लोक दुर्लक्ष करतात. कर्मचाऱ्याचे संरक्षण आणि इतरांची सुरक्षितता या दोन्हींचा विचार एकाच आदेशात झालेला आहे.

मर्यादाही सांगायला हवी. तो निर्णय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ वर आधारलेला आहे आणि त्या कायद्यातील व्याख्येत दीर्घकालीन दुर्बलता अपेक्षित आहे. औषधाच्या दुष्परिणामाने काही आठवडे आलेली अवस्था त्यात सरळ बसणार नाही. म्हणून शमी यांच्या सहकाऱ्यांनी त्या निर्णयावर सगळा भार टाकू नये. हेतूचा अभाव आणि शिक्षेचे प्रमाण हेच मुख्य मुद्दे ठेवावेत.

उत्तरायण

मी ब्रिटनमध्ये नोकरी करतो. येथे समानता कायदा, २०१० च्या कलम १५ नुसार दिव्यांगत्वातून उद्भवलेल्या गोष्टीसाठी प्रतिकूल वागणूक दिली, तर मालकाला ती कृती योग्य उद्दिष्टासाठी आणि प्रमाणात होती हे दाखवावे लागते. पण मालकाला दिव्यांगत्वाची माहिती नव्हती आणि असणे वाजवीपणे अपेक्षितही नव्हते, तर हे कलम लागू होत नाही. म्हणजे सांगणे आणि वेळेवर सांगणे याला येथेही तेवढेच मोल आहे. शिस्तभंगाच्या सुनावणीला सहकारी किंवा संघटनेचा प्रतिनिधी सोबत नेण्याचा हक्क १९९९ च्या कायद्यानेच दिलेला आहे.

पैलतीर

अमेरिकेत चित्र बरेच कठोर आहे. समान रोजगार संधी आयोगाच्या मार्गदर्शनानुसार, वर्तनाचा नियम कामाशी निगडित आणि सर्वांना सारखा लागू असेल, तर तो मोडल्याबद्दल दिव्यांग कर्मचाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते. घडून गेलेले गैरवर्तन माफ करण्याचे बंधन मालकावर नाही. सवलत मागता येते ती पुढच्या काळासाठी, जसे कामाच्या वेळांत बदल किंवा उपचारांसाठी रजा. त्यामुळे येथील वकील सांगतात की अडचण येणार असे दिसताच, काही घडण्याआधीच कळवा.

सरळरेघ

वरचे सर्व वाचून माझे पहिले मत मी मागे घेतो. कागदपत्रांच्या प्रती मागण्याचा मुद्दा मात्र कायम ठेवतो : तक्रारीची प्रत, ई-मेलची पूर्ण प्रत, बैठकीचे इतिवृत्त आणि साक्षीदारांची यादी या गोष्टी मागणे हा हक्क आहे, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या उत्तरातही तो सोडू नये.

निलंबित केले आहे का? औद्योगिक आस्थापनेतील कामगार असल्यास चौकशी प्रलंबित असताना पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के, आणि त्यापुढे विलंब कामगारामुळे झालेला नसल्यास ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. आजारपणात घरात पैशाची तंगी असते आणि माणूस त्यामुळेच हातपाय गाळतो.

शमी

निलंबन झालेले नाही. पण काल एक नवीन गोष्ट घडली. एका वरिष्ठांनी त्यांना बोलावून आपुलकीने सुचवले की राजीनामा द्या, म्हणजे चौकशी होणार नाही आणि अनुभवाचे प्रमाणपत्रही चांगले मिळेल. घरी आल्यापासून ते त्याच विचारात आहेत. मला तरी हे घाईचे वाटते.

कर्दळ

शमी, त्यांना आज काहीही सही करू देऊ नका. सुचवणाऱ्याचा हेतू चांगलाही असू शकतो, पण आजारातून नुकताच उठलेला, लाजेने खचलेला माणूस अशा वेळी समोरच्याला बरे वाटेल ते करून मोकळा होऊ पाहतो. प्रस्ताव लेखी मागावा आणि विचाराला वेळ मागावा. प्रस्ताव खरा असेल तर तो आठवडाभराने नाहीसा होत नाही.

ओंजळ

आम्हालाही तेच सुचवले होते. माझे पती तयारही झाले होते, कारण त्यांना कोणाच्या नजरेला नजर देणे नको वाटत होते. नोकरीबरोबर वैद्यकीय विमाही जाणार आहे, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले नव्हते. उपचार चालू असलेल्या माणसाने हा हिशेब आधी करावा.

रानजाई

दिलेला राजीनामा स्वीकारला जाण्यापूर्वी साधारणपणे मागे घेता येतो, स्वीकारल्यानंतर मात्र मार्ग फार अवघड होतो. आणि शिक्षेचा पल्ला पाहा : ठपका, वेतनवाढ रोखणे, पदावनती, सेवेतून काढणे आणि बडतर्फी. स्वच्छ सेवा, एकच घटना, वैद्यकीय आधार आणि मनापासूनचा खेद असताना न्याय्य प्राधिकारी पहिल्या एक-दोन पायऱ्यांच्या पुढे जाणे कठीण आहे. गेलाच, तर अपील आहे, आणि अपराधाच्या मानाने शिक्षा विवेकाला धक्का देण्याइतकी जबर असेल तर न्यायालय त्यात हस्तक्षेप करते. ज्या शिक्षेची भीती आहे ती होण्याआधीच स्वतःला सर्वांत मोठी शिक्षा करून घेऊ नये.

पिंगळा

उत्तरात 'मला त्या दिवशीचे काहीच आठवत नाही' असे लिहिण्याचा मोह होईल. खरोखर आठवत नसेल आणि डॉक्टरांच्या नोंदीत तसे असेल तरच लिहावे. स्टेरॉइडच्या उन्मादात अनेकांना घटना आठवते. त्या वेळी आपलेच बरोबर आहे असे त्यांना ठामपणे वाटत असते, आणि तेच तर आजाराचे लक्षण आहे. आठवण असणे म्हणजे शुद्धीत, समजून-उमजून केले असे नव्हे. हे वाक्य अहवालात घालण्याची विनंती डॉक्टरांना अवश्य करा.

शमी

सर्वांचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत. उत्तर काल दाखल केले, पोच घेतली. घटना मान्य, 'हेतुपुरस्सर' हा शब्द अमान्य, गैरहजेरीचा आरोप अमान्य, असे तीन स्वतंत्र परिच्छेद केले. डॉक्टरांनी तारखांसह एक पानाचा अहवाल दिला. केसपेपर जोडले नाहीत. आरोप मागे घेत असल्याचे पत्र सर्वांना पाठवण्याची तयारी दर्शवली. मात्रा बदलायची वेळ येईल तेव्हा पहिले काही आठवडे घरून काम किंवा रजा मिळावी, आणि झोप बिघडल्यास घरच्यांनी मला व डॉक्टरांना लगेच कळवावे अशी व्यवस्था केल्याचेही लिहिले. राजीनाम्याचा विषय त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला आहे. मृण्मयी, तुम्ही म्हणालात त्या वाक्यात आम्ही 'परंतु' येऊ दिले नाही. ते वाक्य त्यांनी माझी मदत न घेता स्वतः लिहिले.

एक शंका उरते. चौकशी नेमली गेली, तर त्या सहकारी महिला साक्षीदार म्हणून येतील. बचाव सहायक म्हणून त्यांची उलटतपासणी घेणे मला भाग आहे का?

मृण्मयी_क

नका घेऊ. ज्या गोष्टी तुम्ही आधीच मान्य केल्या आहेत त्या तिच्याकडून पुन्हा वदवून घेण्यात कोणाचे भले आहे? त्या खोलीत बसून उत्तरे देणे किती कठीण असते हे मी अनुभवले आहे.

निवृत्त_अभिलेख

उलटतपासणी हा हक्क आहे, कर्तव्य नाही. पहिल्याच तारखेला चौकशी अधिकाऱ्यांना लेखी द्यावे की घटनेचे तथ्य मान्य असल्याने या साक्षीदारांचे लेखी निवेदन आहे तसे स्वीकारण्यास बचाव पक्षाची हरकत नाही, त्यांना प्रत्यक्ष बोलावण्याचा आग्रह नाही. सादरकर्ता अधिकारी (चौकशीत व्यवस्थापनाची बाजू मांडणारे) बहुतेक वेळा हे मान्य करतात. ही मान्यता केवळ तथ्यांपुरती आहे, हेतूपुरती नाही, हे त्या दिवशीच्या रोजनाम्यात (चौकशीच्या कामकाजाच्या लेखी नोंदीत) शब्दशः उतरले आहे ना ते वाचून मगच दोघांनी सही करावी, आणि रोजनाम्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी.